करदोड्याची गाठ

दादा फौजेत होता. सरहद्दीजवळच्या एका छावणीत, पकडून आणलेल्या माणसांची झडती घेण्याचं काम दोन वर्षं त्याच्याकडे होतं. गावी, केनवडला, सुट्टीवर आला की त्याबद्दल तो बोलत नसे. मला मात्र एकदा सांगितलं.

झडती तो कांबळ्याच्या आडोशाने घेई. कपडे एकदम उतरवायचे नाहीत. आधी सदरा, तो पाहून झाला की परत अंगात, मगच पायजमा. सोबतचे हसत. "म्हणे, झडती घेतं का नवरदेव नटवतं?" दादा सांगताना स्वतःही हसला.

एकदा एका म्हाताऱ्याच्या कमरेला काळा दोरा निघाला. दोरी, नाडा काहीच कोठडीत जाऊ द्यायचं नाही, असा नियम. साहेबांनी ब्लेड पुढे केलं. दादाने ते घेतलं नाही.

"आपल्या इकडं करदोडा कवा तोडतात, तुले मालूम हाय नं?" तो मला म्हणाला. "जित्या माणसाचा कसा तोडू?"

आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा करदोडा तो मेल्यावरच तोडतात. त्या म्हाताऱ्याच्या मुलखात तसं नसेलही. दादाने विचारलं नाही. तुझ्या हाताने सोड, एवढंच त्याला सांगितलं आणि कांबळं धरून उभा राहिला. म्हाताऱ्याला गाठ लवकर सुटेना. उशिराबद्दल दादाने बोलणी खाल्ली. दोरा पाकिटात घालून वर नाव लिहिलं. म्हातारा सुटला तेव्हा परत दिला.

या हिवाळ्यात दादा गेला. आंघोळीसाठी त्याला अंगणात पाटावर घेतलं. सगळी गल्ली जमली होती. कपडे काढायला कुणी हात घातला, तसा मी घरातून चादर आणली आणि एक टोक काकांच्या हातात दिलं.

"मेल्या माणसाले कायची लाज, बापू?" काका म्हणाले.

"त्यानं दुसऱ्यायची राखली, काका."

काकांनी चादर धरली. शेजाऱ्याने दुसरं टोक धरलं. मी आधी सदरा काढला, छाती-पाठ धुतली, नवं कापड पांघरलं. मग खालचं.

शेवटी करदोडा राहिला. काकांनी ब्लेड दिलं. आता तोडायला हरकत नव्हती. तरी मी आधी गाठ सोडून पाहिली. दोरा भिजला होता, नखांना दाद देईना. मागून कुणीतरी म्हणालं, "कायले येळ लावतं?" काका तोंड फिरवून, चादर तशीच धरून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मी ब्लेड लावलं.