वार पडायच्या आधी

अक्षर वाईट आहे माझं, आधीच सांगते. चौथीपर्यंत शिकले, त्यातही वेलांटी पहिली की दुसरी हे कधी जमलं नाही. चुका निघतील, रागावू नका. दाईच्या ट्रेनिंगमध्ये वही मिळाली होती, तिची मागची पानं कोरी आहेत, तिथं लिहिते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही. देवापुढंसुद्धा तोंडानं उच्चारलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला बघत नाही — कुणी बघितलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला, नदीच्या काठी. सुईणीचं काम सासूनं शिकवलं. आता बायका दवाखान्यात जातात, आणि ते बरोबरच आहे. मला कुणी बोलवलं तर बाळाला तेल लावायला, तेवढंच. त्याचं वाईट वाटत होतं का? वाटत होतं. हे पण कधी बोलले नाही.

एकदा मात्र दवाखान्याची गाडी वेळेवर आली नाही म्हणून मी घरीच एकीचं बाळंतपण केलं होतं. उपकेंद्रातल्या सिस्टर सगळ्या बायकांसमोर बोलल्या, "परत असं केलंत तर नाव वर कळवीन." त्यांचं चुकलं नव्हतं. पण तेव्हापासून त्यांचा आवाज ऐकला की मी दुसऱ्या बोळानं जायचे.

मग पूर आला. खालचं निम्मं गाव गेलं, पूल गेला, उपकेंद्रात कमरेइतका गाळ. आम्ही सगळे उंचावरच्या शाळेत, एका वर्गात तीन-तीन घरं. पाणी उतरायला लागलं तरी लाईट नव्हती, फोन लागत नव्हते. सिस्टर रोज दुपारी पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर घेऊन यायच्या आणि ओरडून विचारायच्या, कोण आजारी, कोण अवघडलेली. गरज असली तर उथळ पाण्याच्या उतारावरून ट्रॅक्टर अलीकडं यायचा. नसली तर पुढच्या गावाला. ट्रॅक्टर एकच होता.

रेश्मा आमच्या शेजारच्या वर्गात होती. अन्वर मिस्त्रीची बायको, एकवीस वर्षांची, पहिलटकरीण. अन्वर रेशन आणायला पलीकडं गेलेला. पुराच्या नवव्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. तिची सासू, जैबुन चाची, माझ्या दारात आली. "मावशी, आता तूच हाय आमचा डाक्टर," म्हणाली. घाबरली होती आणि हसत पण होती. वर्गातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. किती वर्षांनी — मला ते गोड लागलं. इतकं गोड लागायला नको होतं.

पोरगी बाराच्या सुमाराला झाली. नीट रडली. ब्लेड नवी होती, दोरा उकळून घेतला होता. तिथवर माझं काही चुकलं नाही. पण बाळामागची वार पडेना. पाव तास, अर्धा तास. रेश्माच्या वेणीचं टोक तिच्याच तोंडात घातलं, उमासा आला की वार सुटते म्हणतात. नाही सुटली. पाऊण तास झाला. कापड भिजायला लागलं होतं. चाचीला दिसू नये म्हणून मी ते पायाखाली सारलं. का सारलं? — सांगते आहे, थांबा.

तेवढ्यात नदीकडून सिस्टरची हाक आली. रेश्माचे दिवस भरलेत हे त्यांना ठाऊक होतं. मी ओसरीच्या कडेला गेले.

"मावशी, रेश्मा मोकळी झाली का?"

आता तुम्ही म्हणाल, बाळ झालं म्हणजे मोकळी झालीच की. लोक तसंच म्हणतात. पण माझ्या सासूनं पहिल्या दिवशी काय शिकवलं असेल तर हेच — बाळ आलं म्हणजे बाई अर्धीच मोकळी. वार पडायच्या आधी मोकळी म्हणायचं नाही, तो शब्द जिभेवर आणायचा नाही. वीस वर्षांत मी कधी आणला नव्हता.

मी हात वर केला. "झाली," म्हणले. "मोकळी झाली."

"मग जाऊ का पुढं?"

"जावा."

ट्रॅक्टर वळला. त्याचा धूर अजून दिसत होता, तेव्हासुद्धा मी हाक मारू शकले असते. मारली नाही. बोलणी बसतील म्हणून? तेही होतंच. पण तेवढंच म्हणाले तर हेही खोटं होईल. रेश्माला ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं असतं, तर लोक म्हणाले असते, सिस्टरनी वाचवली. मला ते नको होतं. मावशीनं केलं, हे ऐकायचं होतं मला.

वार नंतर पडली, पण फाटकी. ताटात पसरून बघितली. एक तुकडा कमी होता, आणि रक्त थांबेना. गड्यांनी तिला बाजेवर घालून कमरेएवढ्या पाण्यातून नेलं. पलीकडं वाहन मिळेपर्यंत तीन तास गेले. बीडला पोचली तेव्हा ती पांढरी पडली होती म्हणे. जीव वाचला. पिशवी काढावी लागली. आमच्याकडं पिशवी काढलेल्या बायका घरोघरी आहेत, त्याचं कुणाला नवल नाही. पण एकविसाव्या वर्षी?

हे झालं. याच्यापुढचं लिहायला मी तीन दिवस वही उघडली आणि मिटली.

आठ दिवसांनी सिस्टर शाळेत आल्या. चाचीसमोरच विचारलं, "मावशी, तुम्ही मोकळी झाली म्हणालात ना? मी तसंच ऐकलं."

मी खाली बघत होते. मला बोलायला किती वेळ लागतो, सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी लागला नाही. "न्हाई झाली, म्हणले होते सिस्टर," म्हणले. "पाण्याच्या आवाजात 'न्हाई' ऐकू आलं नसंल, 'जाऊ नका' पण नसंल."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी विश्वास ठेवला — स्वतःच्या कानांपेक्षा माझ्यावर. चाचीपुढं हात जोडले. "माझ्या ऐकण्यात चूक झाली," म्हणाल्या. नंतर चौकशी झाली. मी तिथंही तेच सांगितलं, अंगठा नाही, सही केली. त्यांची बदली झाली, नेकनूरकडं कुठंतरी. जाताना मला हातमोज्यांचा डबा देऊन गेल्या. तो अजून फळीवर आहे, फोडलेला नाही.

रेश्मा दवाखान्यातून आल्यावर त्यांनी पोरीची राहिलेली छटी केली. चाचीनं मला साडी नेसवली, हातात पंधराशे रुपये ठेवले. "तुझ्यामुळं वाचली माझी सून," म्हणाली. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, तीपण हसली. मी पैसे घेतले. साडी पण घेतली. साडी एकदाही नेसले नाही, पैसे मात्र खर्च झाले.

आता गावात कुणाची गाय व्याली आणि कुणी "मोकळी झाली" म्हणालं, तरी मी हातातलं भांडं खाली ठेवते. कुणाला कळलं तर? सिस्टर एखाद्या दिवशी एसटीतून उतरल्या तर? रोज दुपारी थांब्याकडं बघते.

रेश्माच्या पोरीचं नाव सना. दर रमजान ईदला मी तिच्या हातात तीनशे रुपये ठेवते. शेतातल्या भांगलणीच्या मजुरीतून बाजूला काढते. चाची दर वर्षी म्हणते, "इतकी ईदी कोण देतं गं मावशी? लेकराला दहा-वीस लई झाले." मी कधीच बोलत नाही, म्हणून त्यांना त्यात वेगळं वाटत नाही.

यंदा पाचवी ईद झाली. सनानं नोटा फ्रॉकच्या खिशात कोंबल्या आणि पळाली. पंधराशे पुरे झाले.