रोझाचा सिनेमा, इराचं मराठी

साबुदाणा वाटीभर भिजवला तरी सकाळी पातेलंभर होतो, तसे आमच्या सोमवारच्या मंडळाचे किस्से. इथे परदेशात, क्रेगीबर्नला, माझ्या गॅरेजमध्ये आम्ही सात-आठ जणी दुपारी जमतो, पोथी वाचतो, आणि मग चहाबरोबर जे घडतं ते कुठल्याच पोथीत नसतं.

*

शेजारची रोझा मूळची इटलीची. एकदा कुंपणावरून लिंबं द्यायला आली आणि माझं उपासाचं ताट बघत राहिली. खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस.

"हा उपास? मग तुमचा सण कसा असतो?"

पुढच्या सोमवारी स्वतःची खुर्ची घेऊन हजर!

*

मंडळातली वैशाली रोझाच्या पलीकडच्याच घरात राहते. तिच्या मुलीनं, इरानं शाळेत इटालियन घेतलं. रोझाशी कुंपणावरून तासन्‌तास गप्पा. वैशाली चिडली, "माझ्याशी इंग्लिश, शेजारणीशी इटालियन. मराठी कशासाठी ठेवलंयस?"

"भांडायला, आई."

*

वैशालीचे दिवस सारखे नसतात. कधी आठवडाभर अंथरुणातून उठत नाही, कधी पहाटेच घरातली सगळी भांडी अंगणात काढून घासत बसते. आम्ही आपलं 'मायग्रेन' म्हणायचो. शेवटी तीच म्हणाली, "मायग्रेन नाही गं, मनाचा आजार आहे. गोळ्या चालू आहेत."

मी तिच्यासाठी सोळा सोमवार धरले. ती हसली. "उपास तू कर, गोळ्या मी घेते. बघू, महादेव कोणाचं आधी ऐकतो."

गोळ्यांचा सात खणांचा डबा मात्र दर रविवारी इरा भरायची. बारा वर्षांची होती तेव्हापासून. मला त्या पोरीचा फार अभिमान.

*

यंदा इराला दूर ॲडलेडला, मॉसन लेक्सच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. मी लगेच पेढे केले.

"काकू, थांबा. मी अजून येस म्हटलं नाहीये. डबा कोण भरणार?"

"मी भरीन की."

"तुम्ही? एकादशी कधी आहे ते तुम्ही मला विचारता."

*

त्याच आठवड्यात रोझानं तिचा आवडता जुना सिनेमा आणला. सगळा इटालियन, खाली इंग्लिश अक्षरंही नाहीत. इरा टीव्हीशेजारी बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती, आणि भांडणं तर अशी, की मूळची मराठीच वाटावीत.

सिनेमात एक मुलगी आणि तिची आई. आई घडीत लाड करणारी, घडीत ताटं भिरकावणारी. वैशाली अगदी पुढे बसलेली. आमचे चहाचे कप तसेच हातात.

शेवटी मुलगी बॅग घेऊन दारात उभी. आईनं काहीतरी विचारलं.

इरा म्हणाली, "आई विचारते, परत येशील ना?"

मुलगी नुसती बघत राहिली. इरा टीव्हीकडून वैशालीकडे वळली. मग म्हणाली, "येईन. दर रविवारी फोन करीन. तू फक्त गोळी चुकवू नकोस."

रोझा माझ्या कानाशी लागली, "काय म्हणाली?" मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

"पण ती मुलगी तर काहीच बोलली नाही."

वैशालीची नजर टीव्हीवरच होती. "इरा, तिला सांग, खुशाल जा. डबा माझा मी भरीन."

पडद्यावर तोवर नावं सुरू झाली होती.