सात नंबरची बाटली

त्या खिडकीला पडदा नव्हता. घरातल्या बाकी सगळ्या खिडक्यांना आईने हौसेने पडदे शिवले होते, पण पुढच्या खोलीतली उत्तरेची खिडकी उघडीबोडकी ठेवायची, हा बाबांचा शिरस्ता. सकाळी दहा ते बारा तिच्यातून जो शांत, बिनउन्हाचा उजेड येई, त्यावर घर चालत होतं. त्या दोन तासांत बाबा लोकांच्या दातांचा रंग बघत.

बाबा दात बनवत. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येत, बाबा त्यावर प्लास्टरचे साचे ओतत, मग चिनीमातीच्या पावडरीचे थर ब्रशाने चढवून, छोट्या भट्टीत भाजून, जन्मापासून तिथेच होता असं वाटावं असा दात करत. पुढचा दात असला तर माणसालाच बोलावून घेत. त्याला खुर्चीत बसवायचं, भडक कपड्यांवर राखाडी एप्रन टाकायचा, बाईमाणूस असेल तर लिपस्टिक पुसायला सांगायची, आणि सोळा नमुन्यांची रंगपट्टी ओठांशी धरायची. पाच मोजेपर्यंतच बघायचं. त्याहून जास्त बघितलं की डोळा खोटं बोलायला लागतो. मग राखाडी पुठ्ठ्याकडे बघून नजर धुवून घ्यायची, आणि पुन्हा पाच. दुसरीकडे डॉक्टरच रंगाचा नंबर लिहून पाठवतात. बाबांकडे मात्र ते माणसं पाठवत. तीस वर्षांत रंगावरून एकही दात परत आला नव्हता, आणि बाबा ही गोष्ट मुद्दाम कधी सांगत नसत. सांगायची गरजच नव्हती.

लेकीचं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढंच. एरवी ती चिमटी. चार वर्षांची असताना फरशीवर हरवलेला तांदळाएवढा दात तिने चिमट्याने उचलून बाबांच्या तळव्यावर ठेवला होता, तेव्हापासूनची. हल्ली बाबा रंग ठरवून चिठ्ठीवर नंबर लिहीत आणि त्या नंबरच्या बाटलीतली पावडर चिमटी मिसळून देई.

बारावीचा निकाल लागून तीन आठवडे झाले होते. जो येई तो एकच विचारी, आता पुढे काय? जिन्यात भेटणाऱ्या काकू विचारत, इस्त्रीवाला विचारी. आईकडे उत्तर तयार असे. "पुढे काय म्हणजे? हातात कला आहे, घरात भट्टी आहे. बापलेकी दोघं बसतील दात काढत."

चिमटीला दगड शिकायचे होते. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी एकदा सांगितलं होतं, तुमच्या घरातली ती पावडर म्हणजे दळलेला दगडच आहे बरं का. त्या दिवशी घरी येऊन तिने बाटली उन्हात धरली होती. हा डोंगर कुठला असेल, हे तेव्हापासून तिच्या मनातून गेलं नाही. भूगर्भशास्त्राचं कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर होतं. प्रवेशाचा फॉर्म तिने आणला, भरला, आणि पालकाच्या सहीसाठी बाबांच्या टेबलावर ठेवला. बाबांनी तो ब्रशांच्या खणात सरकवला. "उद्या करतो." अशा आठ उद्या होऊन गेल्या. शनिवारी मुदत संपत होती.

तिला रागवता येत नव्हतं, याचं कारण तिलाच ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी एकदा बाबांनी चिठ्ठीवर सात लिहिलं आणि तिच्या डोळ्यांना तो दात स्वच्छ पाच दिसला. लिहिताना चुकले असतील, म्हणून तिने न बोलता पाचची पावडर मिसळली. पुढच्या आठवड्यात पुन्हा सात. मग कुणीही खुर्चीत बसो, सात. गोरा दात, पिवळट दात, चहाने काळवंडलेला दात, सगळ्यांना सात. शाळा दुपारची होती; सकाळी ती खुर्चीच्या मागे उभी राहून मनात पाच मोजायची, स्वतःचा नंबर ठरवायची आणि चिठ्ठी चुरगळून टाकायची. बाबांचं नाव तसंच राहिलं. आपण गेलो की आठ दिवसांत ते नाव जाणार, हेही तिला कळत होतं. कुणाला सांगावं, तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बुधवारी दाखल्यासाठी ती दिवसभर शाळेच्या रांगेत होती. शुक्रवारी सकाळी डॉक्टर स्वतः जिना चढून आले.

चिमटी आतल्या मोरीवर साचे घासत होती. पार्टिशनपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"काका, बुधवारचा वकीलबाईंचा दात." डबी उघडल्याचा टक्क आवाज. "बाई आरशात बघून हसल्या आणि हसायच्याच थांबल्या. वकील आहेत, नोटीस धाडायच्या मला!"

बाबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"बाजूच्या दातापुढे चक्क हळदीत बुडवल्यासारखा दिसतोय हो. तुमच्याकडून असं?"

"पोरीने मिसळली पावडर," बाबा म्हणाले. "लक्ष नाही तिचं. कॉलेजचं खूळ डोक्यात."

चिमटीच्या हातातला साचा मोरीच्या कडेवर आपटला आणि त्याचा कोपरा उडाला.

"असू दे, असू दे. वय आहे," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी बाईंना पुन्हा पाठवतो, नवा करून द्या, म्हणजे झालं. आणि तिला जाऊ द्या कॉलेजला. दात तरी वाचतील!" स्वतःच्याच विनोदावर हसत ते जिना उतरले.

ती हात न पुसताच बाहेर आली. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"बुधवारी मी इथे नव्हते, बाबा."

"माहीत आहे."

"मग?"

"तोंडातून निघून गेलं."

"माझं नाव बरं निघालं तेवढं!" तिचा आवाज चढला, तशी आई स्वयंपाकघरातून डोकावली. तिने दोघांकडे बघितलं आणि ती दारातच उभी राहिली.

दीड वर्ष गिळलेलं आता सांगायलाच हवं होतं. चिमटीने ओठ उघडले, पण बाबाच आधी वळले. त्यांनी फळीवरून सात नंबरची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. गळ्यापर्यंत भरलेली.

"ही गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणली. रोज सात लिहितो मी. संपत का नाही ही?"

चिमटीने बाटलीचं झाकण उगाच घट्ट फिरवलं.

"आणि पाच नंबरची तीनदा आणावी लागली. मला काय कळत नाही होय गं?"

"कधी कळलं?"

"झाले आठ महिने. प्लास्टर आणायला म्हणून गेलो, तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मागचा पडदा झिजतोय म्हणाले. आधी रंग जाणार, आकार शेवटी. औषध नाही." पेपरातली बातमी वाचावी तसं त्यांनी सांगितलं.

"अहो, आणि मला नाही सांगितलंत?" आईच्या हातात कणकेचा गोळा तसाच राहिला होता.

"सांगितलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं. नाही सांगितलं, तर ही करत होतीच." ते खुर्चीत बसले, गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत. "ती करतेय तोवर मी करतोय, असं वाटायचं."

चिमटीला वाटत होतं, आपण दीड वर्ष बाबांना झाकलं. बाबांनी आठ महिने तिला झाकू दिलं होतं. यातलं कुठलं जास्त लागलं, ते तिला कळेना. मग तिला खण आठवला.

"म्हणून सही केली नाहीत?"

बाबांनी मान हलवली. होय की नाही, ते कळावं अशी ती नव्हती.

आई आत जाऊन गॅस बंद करून आली. मग चिमटीने फोन उचलून बाबांच्या हातात दिला.

"डॉक्टरांना सांगा, यापुढे रंगाचा नंबर तिकडूनच लिहून पाठवा. साचे आणि आकार तुम्ही करा. ते तुमच्याइतकं कुणाला येत नाही."

"सोमवारी सांगतो."

"आत्ता. नाहीतर फॉर्म मी फाडते आणि इथेच बसते जन्मभर. तेही करीन, बाबा. पण मग रोज तुमच्यासमोर चिठ्ठी फाडीन."

आई म्हणाली, "चिमटे, जरा दमानं." पण फोन परत घ्यायला ती पुढे झाली नाही.

बाबांनी नंबर लावला. पलीकडे कुणाच्या तरी दाताचं यंत्र गुणगुणत होतं. बाबा म्हणाले, रंग तिकडूनच लिहून पाठवत चला. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "बुधवारची चूक पोरीची नव्हती. माझी होती."

डॉक्टर मोठ्याने हसले, ते चिमटीलाही ऐकू आलं. "काका, बाप आहात, पाठीशी घालणारच! नका मनावर घेऊ, विसरलो मी ते."

इथे थांबता आलं असतं. जगाच्या दृष्टीने बाबा चांगले बाप ठरले होते, आणि कारागीरही तेवढेच चांगले राहिले होते. त्यांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. चिमटीकडे बघितलं, की तिच्या मागच्या भिंतीकडे, ते सांगता येणार नाही. चिमटी मनातल्या मनात मोजायला लागली. एक. दोन. तीन.

"डॉक्टर," बाबा म्हणाले, "मला रंग दिसत नाहीत हो."

पलीकडचं यंत्र थांबलं.

नंतर बाबांनी खणातून फॉर्म काढला. सहीची रेघ त्यांना सापडेना. चिमटीने राखाडी पुठ्ठ्याची कड रेघेखाली धरली, तरी सही बोटभर वरच झाली, तिच्या नावाला चिकटून. ती पुसून नीट करून घेऊ का, असं तिने विचारलं नाही. बाबांनीही कशी झाली म्हणून विचारलं नाही.

रात्रीच्या गाडीने जाऊन तिने शनिवारी दुपारी फॉर्म दिला आणि रविवारी ती परतली. सोमवारी दहाच्या ठोक्याला ठरल्याप्रमाणे वकीलबाई आल्या, खुर्चीत बसल्या, एप्रन चढला. रंगपट्टी पहिल्यांदाच चिमटीच्या हातात होती आणि बाबा मागे उभे होते. तिने पाच मोजले, पुठ्ठ्याकडे बघितलं, पुन्हा पाच मोजले.

"कोणता?" बाबांनी विचारलं.

"पाच."

ते फळीपाशी गेले. लेबलं त्यांनी वाचली नाहीत. एकेक बाटली उचलून तळव्यावर तोलली, आणि सगळ्यांत हलकी होती ती तिच्यापुढे ठेवली.