वहिनी, किल्ली द्या

मंडळातल्या बायांनो, फळ्यावर एवढं लांबलचक कुणी लिहीत नाही, पण आज सकाळचं सांगते.

आमचे हे बिनतारी यंत्रावर दूरच्या शौकिनांशी टिकटिक करून बोलायचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता हे नाहीत आणि परवाना त्यांच्याच नावाचा होता. म्हणून त्यांचे नांदेडचे मित्र आज यंत्र न्यायला आले.

"वहिनी, किल्ली द्या," ते म्हणाले. मी कमरेचा जुडगा काढून दिला.

"ही न्हाई हो! टिकटिकीची किल्ली."

बोटानं दाबून टिकटिक करायची ती किल्ली मी देव्हाऱ्यात ठेवली होती. पितळी, ह्यांच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. रोज हळदकुंकू वाहत होते.

"यंत्र न्या भाऊजी. ही राहू द्या."

"किल्लीवाचून यंत्र मुकं हाय, वहिनी. चालते का तरी बघू."

त्यांनी ती यंत्राला जोडली. आवाज येईना.

"कुंकू बसलंय की हिच्यात!" म्हणत त्यांनी फुंकर मारली, पुसली आणि वाजवली. शेवटी निरोपाची टिकटिक केली, हे रोज करायचे तीच.

ती ऐकून मी उठले. स्टोव्ह पेटवला, चहा टाकला. रोज तसंच व्हायचं. घोटभर चहा वाया न घालवणारी मी, आज तीन कप भरून आणले.

भाऊजी तिसऱ्या कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली सोडवून देवापुढे ठेवली आणि नुसतं यंत्र नेलं.

मला रडूही आलं नाही. तो कप अजून तसाच आहे. बायांनो, तुमचे हात असे कुणाच्या आवाजावर आपोआप कामाला लागतात?