गुलमोहराची समसमान वाटणी

आमच्या फाटकात आडवा पडलेला गुलमोहर मी अत्यंत सुरक्षितपणे कापून घेतला. इजा कोणालाही झाली नाही. (झाडालाही फारशी नाही.)

तेव्हा आम्ही संत तुकाराम नगरात राहत होतो. वादळात झाड कोसळलं, आणि नेमकी त्याच दिवशी दुपारी सुधाला, म्हणजे माझ्या नणंदेला, पाहायला चाकणहून मंडळी येणार होती! खोडाचं एक टोक आमच्या कुंपणावर, दुसरं शेजारच्या कांबळेभाऊंच्या ओट्यावर. आत यायचं तर कमरेत वाकून.

"वहिनी, मुलाची आई दारातूनच परत गेली तर?" सुधा रडकुंडीला आली. आधीची स्थळं याहून क्षुल्लक कारणांनी फिसकटली होती.

"मी आहे ना!" मी म्हणाले.

आमचे हे कंपनीच्या सुरक्षा समितीत होते. (म्हणजे त्यांना हेल्मेट मिळालं होतं.) गेटपासवर 'चाचणीसाठी' असं लिहून ते पेट्रोलवर चालणारी करवत स्कूटरवरून घेऊन आले. मी कामं वाटली. पोरं घरात, पुरुषांच्या डोक्यावर हेल्मेट (भाऊंना स्कूटरचं), पायात बूट, डोळ्यांवर गॉगल. झाडाभोवती रांगोळीची रेघ.

"या रेघेच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही!"

"आणि नारळ?" ह्यांनी विचारलं. त्यांच्या कंपनीत नारळ फोडल्याशिवाय नवं मशीन सुरू होत नसे. समितीचा तेवढा एकच नियम सगळे पाळत.

"अहो, नारळाचं राहू द्या, पेट्रोल भरलंय का बघा," कांबळेभाऊ म्हणाले.

तरी नारळ फुटला. उदबत्ती, हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं झालं. हार करवतीच्या साखळीत गुंतेल हे एकट्या माझ्याच लक्षात आलं. "हार खोडाला घाला!" (केवढी दूरदृष्टी!)

"कडेपासून कापू," हे म्हणाले.

"छे! बरोब्बर मध्यावर. अर्धं भाऊंच्या बंबाला, अर्धं आपल्या. नंतर कुरबुर नको." मी टेप लावून खडूची रेघ मारली.

"वहिनींचा न्याय म्हणजे न्याय!" भाऊ खूश.

करवत गरजली. खोडाची दोन्ही टोकं टेकलेली, मध्य अधांतरी. पातं वरून निम्म्यात पोचलं, तसं खोड खाली दबलं आणि कापलेली फट मिटली. पातं चिमट्यात! मशीन बंद.

"ओढा!"

"ओढू नका, वाकेल! कंपनीचं आहे!"

तेवढ्यात जीप वाजली.

"अगं, मंडळी आली! मशीन झाक! कंपनीतलं कोणी असलं त्यांच्यात तर?" हे ओरडले. हाताला लागला तो कपडा मी करवतीवर टाकला. तो निघाला ओटीसाठी आणलेला हिरवा खण.

मुलाची आई जीपमधून उतरली. समोर हार, खण, रांगोळी, धुमसती उदबत्ती, फुटका नारळ, आणि दोन्ही बाजूंना हेल्मेट घालून मान खाली घातलेले पुरुष. बाईंनी चपला काढल्या. हात जोडले.

"जागृत हाय का वो?"

खिडकीतून सुधा माझ्याकडे जीव मुठीत धरून बघत होती.

"हो," मी म्हणाले. "अगदी. माणसाला अडवूनच धरतं."

बाई भक्तिभावानं वाकून आत आल्या. मुलगी पसंत पडली. निघताना म्हणाल्या, "देवाच्या दारातली पोर गावली! लगीन लागंस्तवर झाडाला हात लावू नगा बरं का!"

संध्याकाळी खोडाखाली जॅक लावून ह्यांनी करवत सोडवली. "आता खालून एक काप दिला की झालं."

"खबरदार!" मी म्हणाले.

लग्न लागेपर्यंत दळण, भाजी, रॉकेलचा डबा घेऊन मी त्या खोडाखालून रोज वाकून ये-जा केली. पलीकडे निघाल्यावर कंबर धरून कण्हत सरळ व्हायचे, की कॉलनीतल्या बायका लगबगीनं माझ्या पाया पडायच्या. त्यांना वाटायचं, माझ्या अंगात आलंय!