अर्जंटचा रकाना

टायपिंग सेक्शनमध्ये त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. समोर 'बाई' आणि पाठीमागे 'थांबाबाई'. कारण कागद नाचवत कुणीही दारात आला, की बोटं न थांबवता त्या म्हणत, "थांबा."

ओळ पूर्ण होई, मशीनची घंटी वाजे, आणि मग चष्म्यावरून बघत त्या विचारत, "हं. आज नाही झालं तर कोणाचं काय बिघडेल?"

या एका प्रश्नापायी त्यांनी निम्मं ऑफिस दुखावलं होतं.

बाई कामाला लागल्या तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत चार मशीनं होती, एक खिडकी होती आणि टाचण्यांची एक पत्र्याची डबी होती. प्रत्येक विभागाचे मसुदे तिथं टाइप व्हायला येत. ज्याला घाई असेल त्यानं कागदावर तांबडी चिठ्ठी टाचायची, चिठ्ठीवर एकच छापील शब्द: अर्जंट. बाईंना मोजदादीची सवय. एका आठवड्यात त्यांनी मोजलं, तर त्र्याहत्तर कागदांपैकी चौसष्टांना तांबडी चिठ्ठी होती. मग पहिला नंबर कुणाचा? ज्याचा आवाज मोठा त्याचा.

त्याच आठवड्यात बाहेरच्या बाकावर एक बाई येऊन बसू लागली. तिचा नवरा तिथंच चौकीदार होता, तो वारला होता. तिच्या पेन्शनचं पत्र टाइप व्हायचं होतं. नऊ दिवस ते गठ्ठ्याच्या तळाशी होतं, कारण त्याला चिठ्ठी लावणारं कुणी नव्हतं. नवव्या दिवशी बाईंनी तिला आत बोलावलं, तर ती संकोचून म्हणाली, "बसते की मी. तुमचं अर्जंट चाललंय, ते होऊ द्या आधी."

बाईंनी मशीनवरच्या कागदाकडं पाहिलं. साहेबांच्या गाडीच्या सीटकव्हरांबद्दलचं पत्र होतं ते. तो काढून त्यांनी आधी पेन्शनचं पत्र लावलं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी मुलांची डिक्शनरी काढून तो शब्द पाहिला. ताबडतोब लक्ष द्यायला हवं असं, एवढाच साधा अर्थ. पण आजूबाजूला हा शब्द कसा चालतो? फोटोवाल्याकडं अर्जंट, इस्त्रीवाल्याकडं अर्जंट, कँटीनमध्ये चहासुद्धा अर्जंट. सगळीकडं तो बोलणाऱ्याची घाई सांगत होता. कामाबद्दल काहीच सांगत नव्हता. शेजारच्या टायपिस्टला त्या म्हणाल्या, "सबंध ऑफिसात हा शब्द प्रामाणिकपणे वापरतो तो फक्त आपला ड्रायव्हर. 'मला अर्जंट आहे' म्हणतो आणि खरंच पळत सुटतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजिस्टरमध्ये पट्टीनं एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'उशीर झाल्यास कोणाचे काय बिघडेल'. चिठ्ठी घेऊन येणाऱ्यानं उत्तर द्यायचं आणि बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. 'एका बाईचं पेन्शन.' 'शाळेचं छप्पर, मुलं उन्हात बसतात.' आणि एकदा, 'साहेब रागावतील.' तेही लिहिलं त्यांनी. वाचायला साहेबच आले, तेव्हा तो कारकून आठवडाभर तोंड लपवत फिरला. सहा महिन्यांत तांबड्या चिठ्ठ्या चौसष्टांवरून अकरावर आल्या.

घरी सासूबाई म्हणत, "ऑफिसचं तेवढं अर्जंट. घरातलं काही तुला अर्जंट वाटतच नाही."

"आई, दूध उतू जायला लागलं की धावतेच ना मी?"

"धावतेस. पण उतू गेल्यावर."

अशी बावीस वर्षं गेली. मग सेक्शनच्या अधीक्षकांची जागा रिकामी झाली. बाईंना ती हवी होती, आणि हवी होती हे त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या. खुर्चीचा मान होताच, पण त्याहून मोठी काळजी रजिस्टरची होती. भांडारातला एकजण त्या जागेवर डोळा ठेवून होता, आणि तो चारचौघांत सांगत असे, "मी आलो की पहिला तो रकाना बंद. टायपिस्टनं टाइप करावं, पंचाईत करू नये."

अर्ज टाइप केलेलाच हवा, तीन प्रतींत, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जावक कारकुनाकडं द्यायचा, अशी अट होती. मसुदा आठ दिवस बाईंच्या खणात होता. रोज वाटे, आज करू. रोज कुणाचं तरी काही तरी आधी येई.

शुक्रवार उजाडला. एक टायपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर, एका मशीनची कळ तुटलेली. अडीच वाजता साहेब स्वतः आले. हातात चौदा पानं, वर तांबडी चिठ्ठी. मंगळवारी बडे पाहुणे येणार होते, त्यांच्यासमोरचं भाषण होतं. फोन आला म्हणून पानं टेबलावर ठेवून ते तसेच मागे फिरले. बाईंनी सवयीनं कोरा कागद मशीनला लावला.

साडेतीनला जावकवाले जिना चढून आले. निवृत्तीला आलेला, तोंडाचा फटकळ माणूस. "काय थांबाबाई, भांडारवाल्यांचा अर्ज आला. तुमचा कुठाय?"

"होईल हो. साहेबांचं एवढं करते आधी."

ते टेबलावर रेलले आणि अगदी बाईंच्याच आवाजात म्हणाले, "हं. आज नाही झालं तर कोणाचं काय बिघडेल?"

दुसरा टायपिस्ट फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत. 'कोणाचं नाही' हे शब्द ओठांवर आले होते, आणि ते खोटे होते. बावीस वर्षं त्यांनी लोकांकडून खरं उत्तर वदवून घेतलं होतं, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र थाप मारायला निघाल्या होत्या.

त्यांनी मशीनवरचा कागद काढला. रजिस्टर उघडून नवी ओळ लिहिली, 'टायपिस्ट, वर्षे बावीस. संधी जाईल.' आणि खणातून मसुदा काढला.

तेवढ्यात साहेब परत आले. "किती पानं झाली?"

"दीड, साहेब. बाकीची उद्या. आत्ता माझा अर्ज घेतलाय. मुदत पाचला संपते."

"तुमचा स्वतःचा? माझं भाषण बाजूला ठेवून?"

खोलीतली मशीनं थांबली. बाईंनी रजिस्टर साहेबांकडं फिरवलं. "भाषण मंगळवारी आहे. उद्या झालं तर कोणाचं काय बिघडेल, ते सांगा. मी लिहून घेते."

साहेबांनी ती ओळ वाचली. वरच्याही दोन-चार वाचल्या. चिठ्ठीची टाचणी काढून चिठ्ठी खिशात घातली. "उद्या दहाला मिळेल?"

"साडेदहाला. चौदा पानं आहेत, आणि अक्षर तुमचं आहे."

"बरं," म्हणाले आणि गेले.

पहिला कागद वाया गेला. चूक झाली ती स्वतःच्या नावात. ते नाव त्या मशीनवर बाईंनी बावीस वर्षांत एकदाही उमटवलं नव्हतं. दुसऱ्या कागदावर मात्र बोटं नीट पडली. 'विशेष काम' या मथळ्याखाली त्यांनी मसुद्यात नसलेलं एक वाक्य घातलं: माझ्या सेक्शनमध्ये नऊ दिवस पडून राहणारा कागद आता दोन दिवसांत निघतो. 'माझ्या' हा शब्द खोडावा का, असं क्षणभर वाटलं. नाही खोडला. पाचला वीस मिनिटं असताना जावकवाल्यांनी तिन्ही प्रतींवर शिक्के मारले, ते खाली कँटीनपर्यंत ऐकू गेले म्हणतात.

चार महिन्यांनी निकाल लागला. साहेबांनी शिफारस केली की विरोध, हे कधीच कळलं नाही. जावकवाले दोन्ही हकिकती तितक्याच छातीठोकपणे सांगत. बाईंच्या नेमणुकीचा हुकूमही टाइप व्हायला त्याच खोलीत आला, तांबडी चिठ्ठी लावून. चिठ्ठी लावली होती जावकवाल्यांनीच. सगळे बाईंच्या टेबलाभोवती जमले.

बाईंनी हुकूम दोनदा वाचला. मग विचारलं, "हा उद्या झाला तर?"

"अहो, बाई!" जावकवाले कळवळले.

"पहिल्या तारखेपासून आहे नेमणूक. आज तर चोवीस." चिठ्ठी काढून त्यांनी हुकूम दोन पेन्शनच्या पत्रांखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी, आपला नंबर आल्यावर, अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी तो टाइप केला. एकही चूक नाही. प्रती चार हव्या होत्या. बाईंनी कार्बन एक जास्त घातला, आणि पाचवी प्रत घडी घालून सासूबाईंना वाचून दाखवायला पर्समध्ये ठेवली.