विमलचा प्रसंग

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, तेच बरं आहे. ओळखीच्या माणसासमोर हे माझ्या तोंडातून निघत नाही. नवऱ्याजवळ दोनदा सुरुवात केली होती — दोन्ही वेळा "संध्याकाळी भाजी काय करू?" असं विचारून उठले. आई तर न ऐकताच गेली. म्हणजे हे आजवर एकाही कानावर पडलेलं नाही. पण गेल्या रविवारपासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसला, स्वच्छ असलेला. त्यापेक्षा सांगून टाकते.

पण कुठून सांगू? नोकरीपासून सुरू केलं तर मी फार हुशार वाटेन. नको.

उधन्यापासून सांगते. आम्ही मूळचे नंदुरबारकडचे, वडील सुरतेला लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर. सुरतेच्याच त्या उधन्यात दहा खोल्यांची एक रांग होती, त्यात आमची एक आणि लागूनच विमलची. विमल आणि मी एका वयाच्या, एका मराठी शाळेच्या, पुढे एकाच कॉलेजच्या. तिला आई नव्हती. ती आणि तिचे बाबा, नामदेवकाका — दोघंच. काका लूमवर सुताचे जड बीम वाहून न्यायचे. रसायनशास्त्र माझ्यापेक्षा तिचं चांगलं. इंग्रजी मात्र तिचं कच्चं आणि माझं बरं. बरं म्हणजे काय, वासरात लंगडी गाय शहाणी!

बी.एस्सी. झाल्यावर हजिऱ्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये दोन जागा निघाल्या. दोन. हा आकडा लक्षात ठेवा, मलाही तो विसरता येत नाही. लेखी परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. राहिला इंटरव्ह्यू.

विमलसाठी ती नुसती नोकरी नव्हती. काकांनी शिरपूरकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मुलगा लूमवरच. काका म्हणाले होते, नोकरी लागली तर लग्नाचं दोन वर्षं बोलणार नाही. नाही लागली तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू. माझ्या घरी असली घाई नव्हती. हेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच कुठे अडले होते.

माझा मामेभाऊ अंकलेश्वरला कंपनीत होता. तो म्हणाला, "आता राजधान्या-बिजधान्या कोणी विचारत नाही. आता प्रसंग विचारतात. सगळे मागे सरले तेव्हा तुम्ही काय केलं, तुमचं कोणाशी वाजलं तेव्हा काय केलं, कधी चुकलात — असं. आणि 'मी असं करीन' म्हणायचं नाही. 'मी असं केलं' म्हणायचं."

झालं! आम्ही एक वही केली आणि प्रसंग शोधायला बसलो. विमल मराठीत सांगायची, मी इंग्रजीत लिहायची, मग दोघी मोठमोठ्याने म्हणायचो. मोठमोठ्यानेच — खोलीमागे लूमचं शेड, त्या खडखडाटात हळू बोललेलं ऐकूच येत नसे. उधन्याची पोरं घरात भात वाढ म्हणायलाही ओरडतात.

आणि तेव्हा मला कळलं की माझ्या आयुष्यात प्रसंगच नाही. हसू नका. बावीस वर्षांची घोडी, आणि सांगण्यासारखं एक धड नाही! शेवटी कॉलेजच्या गॅदरिंगला खुर्च्या कमी पडल्या तेव्हा मी शेजारच्या शाळेतून आणल्या, असं काहीतरी लिहिलं. वाचताना मलाच जांभई यायची.

विमलकडे प्रसंग होता. तिला तो प्रसंग वाटतच नव्हता.

दोन वर्षांपूर्वीचा, प्लेगच्या दिवसांतला. गणपती नुकते उठले होते आणि अख्खं शहर पळत सुटलं होतं. आमची रांग एका दिवसात रिकामी. मीही पळाले. उधना स्टेशनवर मला वडिलांनी गाडीच्या खिडकीतून आत ढकललं, आणि पुढचे तीन आठवडे मी नंदुरबारला मामाकडे पाय पसरून जेवले. पळाले त्याची लाज नाही हो मला, सगळेच पळाले. पण आमच्याच रांगेत शेवटच्या खोलीत कुंतला नावाची ओडिया बाई होती, दिवस भरलेली. नवरा कामावर गेला तो परतला नव्हता. आम्ही निघताना ती दारात येऊन उभी राहिली. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, पण पोटावर हात ठेवून उभ्या बाईला भाषा कशाला लागते? आई गाठोडं बांधत राहिली. मी कुलूप लावत होते. लागलेलं कुलूप मी पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिले, ती जाईपर्यंत.

विमल आणि काका राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंतलाला कळा सुरू झाल्या. रिक्षा नाही, माणूस नाही. पळून गेलेल्या एका भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, काकांनी ओढून आणली, तिच्यावर गोधडी टाकली, आणि बाप पुढून ओढतोय, लेक मागून ढकलतेय, असे ते सरकारी दवाखान्यापर्यंत गेले. लोक दवाखान्यातून बाहेर पळत होते आणि हे आत शिरत होते. दुपारी कुंतलाला मुलगी झाली.

"हेच सांग!" मी म्हटलं.

"त्यात काय सांगानं वं? बाई अडेल व्हती, लई गऊत." बाई अडली होती, घेऊन गेलो, एवढंच तिचं म्हणणं. घरचं बोलताना विमल अहिराणीच बोलायची.

मी ते इंग्रजीत लिहिलं, आणि फार सुंदर लिहिलं. इतकं, की वाचताना मला स्वतःचाच अभिमान वाटला. एकच फरक केला. काकांना काढून टाकलं. 'मी एकटीने लारी ढकलली' असं लिहिलं. विमल म्हणाली, अगं, बाबा होते ना. मी म्हटलं, कंपनीला बाप नकोय, तू हवी आहेस. इंग्रजी माझं होतं, तेव्हा शहाणपणही माझंच, असं ती धरून चालायची. आणि काका बिचारे, लेक लारीचं सांगणार एवढंच त्यांना माहीत, त्यांना वगळल्याचं नाही. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी ते तिला म्हणाले, "मना बी नाव सांगजो वं तठे, बेटी." माझंही नाव घे तिथे, म्हणत होते. ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली.

आता तुम्हाला कळलंच असेल. तरी मला सांगू द्या. तुम्ही ओळखलंत म्हणजे मी कबूल केलं, असं होत नाही.

माझं नाव आधी पुकारलं. थंड खोली, तीन साहेब. तिथली शांतता अशी की माझा पहिला 'गुड मॉर्निंग' लूमच्या शेडमधल्यासारखा निघाला आणि एक जण दचकला. मधल्या साहेबांनी विचारलं — सगळे मागे हटले आणि तुम्ही पुढे झालात, असा एखादा प्रसंग सांगा. मी खुर्च्या सुरू केल्या. शाळेच्या फाटकापर्यंत पोचले नाही तोच त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "और कुछ?"

और कुछ नव्हतं माझ्याजवळ. सांगायला हवं होतं, नाही सर, एवढंच. किंवा — मी पळाले सर, एक बाई दारात उभी होती आणि मी कुलूप ओढत होते. तोही प्रसंगच होता की! पण माझं तोंड उघडलं आणि त्यातून विमलचा प्रसंग बाहेर आला. सगळा. एकही शब्द अडला नाही. अडेल कसा? मीच लिहिलेला, तिच्यापेक्षा मला जास्त पाठ. लारी, गोधडी, रिकामा रस्ता. माझा गळासुद्धा भरून आला — खरोखर भरून आला, हे सांगायची मला किळस येते. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"अकेले?" त्यांनी विचारलं.

"यस सर. अलोन."

हा माझा गुन्हा, असं तुम्ही म्हणाल. नाही. हा अर्धा. एवढंच असतं तर मी कदाचित म्हटलं असतं, घाबरले, जीभ घसरली.

बाहेर बाकावर विमल बसली होती. आता तिचीच पाळी होती. ती उठली, माझा हात धरला. तिचा हात गार होता. "काय इचारं वं?"

एका वाक्याचं काम होतं. 'तो प्रसंग सांगू नकोस, माझ्या तोंडून गेला.' शिव्या दिल्या असत्या तिने, रडली असती, पण दुसरं काहीतरी बोलली असती आत जाऊन. जागा दोन होत्या! तिचं काही हिसकावल्याशिवाय मला मिळणार नव्हतं, असंही नव्हतं. पण तिने माझ्याकडे कसं बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

मी म्हटलं, "काही नही, सोप्पं शे. पाठ केलं तेच सांग."

आणि पाणी प्यायला निघून गेले. पाच मिनिटांत ती बाहेर आली.

परतीच्या एसटीत तिने सांगितलं. अर्धं होईपर्यंत साहेब एकमेकांकडे बघून हसायला लागले. मग एकाने विचारलं, ये तुम्हारी ही बात है? ती म्हणाली, हो. पक्का? हो. अकेले? — तिथे ती अडखळली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती हो. म्हणाली, नाही, बाबा होते. मग त्यांनी फाइल बंद केली.

"बाबाला काढलं ना मी, म्हणून असं झालं," ती म्हणाली. "ते घरी वाट बघत असतील माझी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. काय बाई मी! हात फिरवला तिच्या पाठीवरून.

माझी निवड झाली. दुसऱ्या जागेवर वलसाडची एक मुलगी आली. कामावर रुजू झाले त्या आठवड्यात तेच मधले साहेब लॅबमध्ये आले, माझे वरिष्ठ म्हणून. हिंदीत म्हणाले, "तुझ्यानंतर एक मुलगी आली होती, तुझीच गोष्ट चोरून सांगत होती. बाहेर बसून तू तिला सांगितली असशील. अशा मैत्रिणींपासून जपून राहा." तिथेही तोंड उघडता आलं असतं. मी 'हो सर' म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं ते साहेब नवीन मुलांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, ही ती लारीवाली. आणि मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, विनयाने.

विमलचं दिवाळीनंतर लग्न झालं. नवरा तिला सुरतेतच घेऊन आला. तिने पुन्हा कुठेही अर्ज केला नाही. "माले नही जमत ते," एवढंच म्हणायची. इथल्याच पर्वत पाटिया भागातल्या व्यापाऱ्यांकडून साड्या आणून त्यांच्यावर खडे चिकटवते, आजही. त्या गोंदाने तिच्या बोटांची सालं निघतात. पहिल्या नंबरातली मुलगी होती ती रसायनशास्त्रात. माझा फ्लॅट झाला, गाडी झाली, तिला कौतुक. तिची मुलगी पल्लवी बारावी झाली तेव्हा पहिला पेढा तिने मला आणून दिला. काका गेले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही की मी त्यांचं नाव घेतलं नाही म्हणून. अगं घेतलं होतंस की, मी म्हटलं, साहेबांनी विचारल्यावर तू सांगितलंसच. ती म्हणाली, आधी वगळलं ना पण.

वगळलं मी होतं. लिहिलं मी होतं. तेवढं तरी म्हणायला काय जात होतं माझं? तेही म्हटलं नाही. एक धागा ओढला तर सगळं उसवेल, ही भीती.

तर गेल्या रविवारी विमल पल्लवीला घेऊन माझ्याकडे आली. पल्लवीचा इंटरव्ह्यू आहे. आजकालच्या मुलांना हे प्रश्न तोंडपाठ असतात, तरी आईचा हट्ट — रेखामावशीला दाखव, तिचं इंग्रजी चांगलं आहे. मी चष्मा लावून तिची उत्तरं तपासत होते. विमल समोर पोहे खात बसली होती. मध्येच लेकीला म्हणाली, "हे बघ, काहीही वाढवून सांगू नको, काही लपवू पण नको. मी एकदा इंटरव्ह्यूत खोटं बोलले होते. धरली गेले. त्याचं फळ भोगलं."

किती सहज म्हणाली! तिला आता ते तसंच आठवतं — खोटं बोलणारी ती.

मी हातातला कागद टेबलावर ठेवला. पल्लवी हसून माझ्याकडे वळली. "मावशी, तूपण त्याच इंटरव्ह्यूला होतीस ना? तू काय सांगितलं होतंस?"

विमलने पण वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिने मला हे एकदाही विचारलं नव्हतं.

"आता कुठे आठवतंय गं," मी म्हटलं.

"एवढा महत्त्वाचा इंटरव्ह्यू आणि आठवत नाही?"

उत्तर विमलनेच दिलं. "जिला घेतलं तिला कशाला आठवेल? जी पडते तिलाच आठवतं."

मी म्हटलं, हो, तसंच असतं ते. आणि तिला अजून थोडे पोहे वाढले.